ग्राउट कलर सीलिंगचं काम सुरू करताना: नागपुरातल्या टाइल क्लीनिंगवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपुरात आणि आसपास टाइल क्लीनिंगची कामं घेणाऱ्यांसाठी आहे. फरशी घासून चकाचक केली, पण टाइलच्या मधल्या रेघा काळ्याच राहिल्या आणि ग्राहकानं विचारलं, "एवढं करून हे तसंच राहणार का?" हा प्रसंग या धंद्यात कुणाला चुकलेला नाही. या रेघांमध्ये, म्हणजे जॉइंटमध्ये, भरलेल्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. त्यावर रंगीत सीलरचा थर देणं म्हणजे कलर सीलिंग. तो त्यावरचा चांगला उपाय आहे, पण प्रत्येक फरशीसाठी नाही. कुठे करायचं नाही हे ज्याला कळतं, त्यालाच या कामात पुढची कामं मिळतात, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्याच हिशेबानं दिली आहेत.

कलर सीलिंग आणि साधं सीलर, यात फरक काय?

साधं सीलर पारदर्शक असतं. ते ग्राउटच्या बारीक छिद्रांत मुरतं आणि पाणी-तेल आत शिरायला वेळ लावतं. ग्राउटचा रंग मात्र आहे तसाच राहतो. काळं पडलेलं ग्राउट साध्या सीलरनं काळंच राहील, फक्त ते सील झालेलं असेल. नवीन किंवा नीट साफ झालेल्या ग्राउटला ते पुरतं आणि स्वस्तातही पडतं.

कलर सीलरमध्ये रंगद्रव्य आणि चिकटून राहणारं रेझिन असतं, बहुधा पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक किंवा एपॉक्सी मिसळलेलं ॲक्रिलिक. ते थोडं आत धरतं आणि वर एक पातळ, घट्ट थर तयार करतं. त्यामुळे न निघणारा डागही झाकला जातो आणि सगळ्या घरात रेघांचा रंग एकसारखा दिसतो. सगळं काम हा थर खाली किती घट्ट बसतो यावर अवलंबून आहे, म्हणून रंग लावण्यापेक्षा त्याआधीची तयारी मोठी.

जॉइंटमध्ये नेमकं काय भरलंय, हे कसं ओळखायचं?

ही तपासणी न करता भाव सांगू नका. नागपुरात तीन प्रकार भेटतात: सिमेंटचं ग्राउट, नुसतं व्हाइट सिमेंट आणि एपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट.

एका जॉइंटवर पाण्याचा थेंब ठेवा. सिमेंटचं ग्राउट मिनिटभरात पाणी पिऊन गडद होतं. एपॉक्सीवर थेंब तसाच उभा राहतो. पण थेंब उभा राहिला म्हणजे एपॉक्सीच असं नाही. आधी कुणी सीलर मारलं असेल किंवा तेल मुरलं असेल तरी तसंच दिसतं. मग चावीच्या टोकानं कडेला हलकं खरवडून बघा. सिमेंट असेल तर पीठ निघतं, एपॉक्सी असेल तर प्लास्टिकसारखं चिवट लागतं.

व्हाइट सिमेंटची गोष्ट वेगळी. आपल्याकडे बऱ्याच मिस्त्रींनी व्हिट्रिफाइड टाइल मधे अंतर ठेवणारे स्पेसर न लावता एकाला एक चिकटवून बसवल्या आणि वरून व्हाइट सिमेंटची पेस्ट फिरवली. अशा जॉइंटची रुंदी जेमतेम कागदाच्या पुठ्ठ्याएवढी आणि खोलीही तेवढीच. तिथे कलर सीलरला धरायला जागाच नसते. ग्राहकाला हे दाखवा आणि तिथे फक्त क्लीनिंगचं काम घ्या. एपॉक्सीवरही नेहमीचं कलर सीलर भरवशाचं बसत नाही.

बाथरूमचं ग्राउट वाळूसारखं भुसभुशीत झालंय. रंग लावला तर दबेल का?

नाही. बहुतेक वेळा हे वर्षानुवर्षं ओतलेल्या ॲसिडचं काम असतं. मोरी धुवायला दुकानात मिळणारं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते मळाबरोबर सिमेंटही खातं. मागे राहते मोकळी वाळू, नखानं खरवडली तर बोटाला लागते. तिच्यावर रंग लावला तर रंग वाळूला चिकटेल आणि वाळू रंगासकट निघून येईल. आधी सैल झालेला भाग निदान २-३ मिलिमीटर खोल काढायचा, नवीन ग्राउट भरायचं, ते पक्कं होऊ द्यायचं आणि मगच पुढचा विचार करायचा. त्याचा खर्च वेगळा लावा आणि आधीच सांगा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. एक सुकलं म्हणून दुसरं ओतलं, असंही नको. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ग्राहकाच्या घरी पोहोचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "आम्ही यायच्या आधी तुम्ही इथे काय टाकून धुतलं?"

साफसफाई कोणत्या क्रमानं करायची?

आधी अल्कलाइन (आम्लाच्या उलट गुणाचं) क्लीनर, म्हणजे तेल, साबण आणि पायांचा मळ सुटतो. ते १०-१५ मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. मे महिन्यात नागपुरात ते पाच मिनिटांत वाळतं, म्हणून एका वेळी चार-पाच टाइलच घ्या. ब्रश मारल्यावर मळकं पाणी व्हॅक्यूमनं ओढा. पोच्यानं उचललं तर सगळा गाळ पुन्हा खोलगट जॉइंटमध्येच जाऊन बसतो, आणि टाइल क्लीनिंग होऊनही रेघा काळ्या का राहतात याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मग क्षार असतील तिथे सल्फॅमिकसारखं सौम्य आम्ल. आम्ल लावण्याआधी जॉइंट पाण्यानं भिजवून घ्या, म्हणजे ते वरच्या वर काम करतं, आत मुरत नाही. शेवटी भरपूर पाण्यानं धुऊन पीएच पट्टी लावून बघा. पट्टीचा रंग साध्या पाण्यासारखा आला की थांबा. संगमरवर, कोटा किंवा कडप्पा असेल तर आम्ल अजिबात नको. संगमरवर आणि कोटा हे चुन्याचे दगड आहेत, चमक गेली की पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. कित्येक घरांत फरशी टाइलची पण उंबरा आणि ओटा दगडाचा असतो, तिकडे नजर असू द्या.

क्लीनर लावताच स्वयंपाकघरातले पिवळे जॉइंट लाल झाले! काय बिघडलं?

काहीच बिघडलं नाही, ती हळद आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलाइन द्रवात लालसर-तपकिरी होतं आणि धुऊन काढल्यावर परत पिवळं दिसतं. ओट्याच्या खालची पहिली रांग आणि मिक्सर ठेवतात तो कोपरा, इथे हे हमखास होतं. काकूंना आधी सांगून ठेवलं तर त्या गमतीनं बघतात. न सांगता झालं तर समजूत काढताना नाकीनऊ येतात. हळदीचा उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो, पण घरात ऊन कुठून आणणार? तिथे कलर सीलर खरंच उपयोगी पडतं.

कूलरच्या खाली जॉइंट पांढरे फटक पडलेत, ते?

ते बोअरच्या पाण्याचे क्षार. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडच्या अनेक लेआउटमध्ये वापराचं पाणी बोअरचं असतं. कूलरमधून उन्हाळाभर थेंब थेंब गळत राहतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. सौम्य आम्लानं ते जातात. पण कूलर नसतानाही तळमजल्याच्या जॉइंटवर पांढरी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ओल खालून येतेय. तिथे सीलर लावलं तर खालचे क्षार थराला उचलून टाकतात. पुसून आठ-दहा दिवसांनी परत बघा, भुकटी आली असेल तर काम घेऊ नका.

फरशी वाळली हे कसं कळणार?

टाइल दहा मिनिटांत वाळते, ग्राउट वाळत नाही. किमान २४ तास द्या आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. शंका असेल तर एका जॉइंटवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा ग्राउट गडद दिसलं तर अजून ओल आहे.

घरात एकच बाथरूम असेल तर ही मोठी अडचण असते. आंघोळीची सोय कुठे करणार हे आधी ठरल्याशिवाय तारीख देऊ नका. "हो हो, आम्ही वापरणार नाही" असं सगळेच म्हणतात, आणि सकाळी शाळेत जाणारी मुलं असतात.

रंग लावण्याची पद्धत सांगा.

लहान, आखूड केसांचा ब्रश घ्या. डबा खालपर्यंत ढवळा, कारण रंगद्रव्य तळाला बसतं. थोडा सीलर जॉइंटवर घेऊन ब्रशनं आडवा-उभा चोळा, नुसता फिरवू नका. चोळल्यानं तो छिद्रांत शिरतो. हात पोहोचेल एवढाच भाग घ्या आणि टाइलवर आलेला रंग ओलसर पांढऱ्या पॅडनं लगेच पुसा. पॅड जॉइंटच्या दिशेनं ओढला तर रंगही ओढला जातो, म्हणून तिरका फिरवा. पॅड घट्ट पिळलेला हवा, पाणी गळत असेल तर ताजा रंग पातळ होऊन ठिपके राहतात.

रंगाचा पहिला हात, म्हणजे थर, बोटाला न लागण्याइतका सुकला की दुसरा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. टाइलवर डाग वाळून राहिला असेल तर ओला नायलॉन पॅड किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा, लोखंडी पट्टी नको. बाथरूमच्या खरखरीत अँटी-स्किड टाइलवर रंग खाचांमध्ये अडकतो आणि पुसायला दुप्पट मेहनत लागते. ग्लेझ नसलेल्या किंवा दगडी टाइल रंग पितात. तिथे कोपऱ्यात करून बघा, नाही तर टाइलला आधी पारदर्शक सीलर द्या.

हे सगळं गुडघ्यांवर बसून करायचं काम आहे. चांगले गुडघ्याचे पॅड आणि डोक्याला लावायचा टॉर्च, हे दोन खर्च पहिल्याच दिवशी करा. कामाला ठेवलेल्या पोरांनाही द्या.

भाव चौरस फुटावर सांगावा की रनिंग फुटावर?

रनिंग फुटावर. नवीन माणसाचा तोटा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही टाइलला नाही, रेघेला रंग लावता. रेघेची लांबी टाइलच्या आकारावर ठरते. एक बाय एक फुटाच्या टाइल असतील तर दर चौरस फुटाला २ रनिंग फूट जॉइंट येतो. दोन बाय दोनच्या असतील तर १ फूट. दोन बाय चारच्या असतील तर पाऊण फूट. हिशेब सोपा आहे: एकला टाइलच्या लांबीनं भागा, एकला रुंदीनं भागा, दोन्हींची बेरीज करा.

आता १० बाय १२ चा हॉल घ्या. दोन बाय दोनच्या टाइल असतील तर साधारण १२० फूट जॉइंट, एक बाय एकच्या असतील तर २४०. तोच हॉल, तेच चौरस फूट, काम मात्र दुप्पट.

आणि बाथरूम? ५ बाय ७ चं छोटं बाथरूम बघून लोक म्हणतात, "एवढंसं तर आहे, कमी लावा." जमीन ३५ चौरस फूट, एक बाय एकच्या टाइल, म्हणजे ७० फूट जॉइंट. भिंती सात फुटांपर्यंत टाइलच्या, दार वजा करून अंदाजे १५० चौरस फूट. एक बाय दीडच्या टाइल धरल्या तर आणखी २५० फूट. सगळे मिळून ३२० फूट. दोन बाय दोनच्या टाइलच्या हॉलच्या अडीचपटीहून जास्त, तेही कमोडच्या मागे वाकून. ग्राहकासमोर वहीत हा हिशेब मांडा. माणसं समजूतदार असतात, आकडे दिसले की घासाघीस करत नाहीत.

क्लीनिंग, ग्राउट दुरुस्ती आणि कलर सीलिंग हे तीन दर वेगवेगळे लिहा. पहिल्या काही कामांत किती फुटांना किती माल गेला ते नोंदवून ठेवा. जॉइंट रुंद आणि खडबडीत असेल तर माल जास्त लागतो, कंपनीच्या पत्रकावरचा आकडा घरोघरी लागू पडत नाही.

बाथरूम खालच्या मजल्यावर गळतंय. कलर सीलिंगनं थांबेल, असं सांगू का?

कधीही नाही. कलर सीलर डाग अडवतं, ते वॉटरप्रूफिंग नाही. गळती टाइलखालच्या थरात, पाइपच्या सांध्यात किंवा नहाणी ट्रॅपभोवती असते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यातली फटही ग्राउटनं किंवा रंगानं भरू नका. तिथे हालचाल होते, सिलिकॉन सीलंट लागतो. असल्या कामात "बघू, फरक पडेल" असं बोलून पैसे घेणं म्हणजे त्या घरातल्या दोन मजल्यांचं भांडण आपल्या दारात आणणं.

जॉइंट पुन्हा पुन्हा तडकतात, त्यांचं काय?

टाइलवर बोटाच्या सांध्यानं ठोका. पोकळ आवाज आला तर टाइलच हलतेय. काळ्या मातीवरच्या लेआउटमध्ये तळमजल्याची फरशी हमखास त्रास देते, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. खालचं स्थिर झाल्याशिवाय वर रंग लावून उपयोग नाही.

हॉटेलच्या किचनचं काम मिळतंय. घ्यावं?

सावजी भोजनालयाचं किचन असेल तर कलर सीलिंग सुचवू नका. तापलेल्या तेलाचे शिंतोडे, तिखट तर्री, रोज रात्री कडक डिग्रीझर आणि घासायचा ब्रश, यात थर झिजणारच. त्यांना जुने जॉइंट कापून एपॉक्सी ग्राउट भरून घ्यायला सांगा. महाग पडेल, धूळ होईल, पण तेच टिकेल. बसायच्या हॉलला मात्र कलर सीलिंग छान होतं.

धंतोली-रामदासपेठेत दवाखाने भरपूर आहेत, कामंही मिळतात. तिथे आधी विचारा की फरशी रोज कशानं पुसतात. हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) रोजचं असेल तर सीलरच्या डब्यावर रसायनांबद्दल काय लिहिलंय ते वाचून मगच शब्द द्या.

जिन्यातल्या खर्ऱ्याच्या डागांवर चालेल?

चुना सौम्य आम्लानं सुटतो, सुपारी-तंबाखूचा लालसर डाग जॉइंटमध्ये उरतो. गडद तपकिरी किंवा गडद राखाडी रंग घ्या, झाकलं जाईल. लोक थुंकायचे थांबले नाहीत तर थराच्या वर पुन्हा डाग येतील, पण आत मुरणार नाहीत आणि पुसता येतील.

ग्राहकाला पांढराच रंग हवाय.

बाथरूमच्या भिंतींना द्या, सुंदर दिसतो. स्वयंपाकघराच्या आणि हॉलच्या जमिनीला मध्यम राखाडी किंवा टाइलच्या रंगापेक्षा एक छटा गडद असं माझं मत नेहमी असतं. पण घर त्यांचं आहे. फ्रिजच्या मागे किंवा दाराआड दोन फूट रेघ रंगवून वाळल्यावर दाखवा. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. पसंत पडल्यावर शेड नंबर लिहून सही घ्या, फोटोही काढा.

दुकानात मिळणारं ग्राउट पेन किंवा ऑइल पेंट वापरून स्वस्तात करता येईल का?

पेन दोन-चार जॉइंटच्या दुरुस्तीला ठीक. ऑइल पेंट ओल धरणाऱ्या ग्राउटवर साल सुटल्यासारखा निघतो, आणि तो काढायला लागणारा वेळ मूळ कामापेक्षा जास्त असतो. आधीच कुणी पेंट मारला असेल तर तो पूर्ण काढण्याचे पैसे धरूनच भाव द्या.

कोणत्या महिन्यांत काम चांगलं होतं?

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. दिवाळीआधी फोन जास्त येतात, पण महालक्ष्म्यांच्या आधी येणारी घाई खरी अवघड, कारण ती भाद्रपदात, हवेत दमटपणा असताना. "परवा महालक्ष्म्या बसणार आहेत, उद्या करून द्या" असा फोन आला तर फक्त क्लीनिंग करून द्या आणि सीलिंगची तारीख सण झाल्यावरची घ्या.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावर दुपारी रंग ब्रशवरच घट्ट होतो, त्यामुळे सकाळी लवकर सुरू करा आणि अकराच्या आत आटपा. कूलरचा झोत कामावर येऊ देऊ नका, त्याची ओलसर हवा आणि उडणारे थेंब दोन्ही नकोत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा पक्कं व्हायला जादा दिवस धरा.

जीएसटी लावायचा का?

फक्त सेवेचा धंदा असेल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या सोसायट्या आणि कंपन्या बिल मागतात, तेव्हा तुमच्या सीएंना विचारून ठरवा.

किती वर्षं टिकेल, असं सांगायचं?

डब्यावर कंपनीनं जे लिहिलंय त्याच्या पुढे जाऊ नका. भिंतीवर जास्त टिकतं, शॉवरखालच्या जमिनीवर कमी. स्वतःच्या वतीनं एवढंच लिहून द्या की ठरावीक मुदतीत सालपटं निघाली तर तेवढा भाग फुकट करून देऊ, आणि ॲसिड वापरलं गेलं तर ही हमी लागू नाही.

काम संपल्यावर ग्राहकाला काय सांगायचं?

चालायला साधारण चार तास, पोचा मारायला २४ तास, बाथरूमचा पूर्ण वापर डब्यावर लिहिल्याप्रमाणे. त्यानंतर रोज साधं पाणी किंवा न्यूट्रल क्लीनर. फिनाइल लागतंच असेल तर प्रमाणात, जास्त झालं की तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि तारेची घासणी बंद.

आणि हे फक्त घरमालकाला सांगून भागत नाही. फरशी रोज पुसतात त्या ताई कामाला असतील तर त्या घरी असतानाच जा, त्यांच्याशी बोला, त्यांच्या बादलीत काय जातं ते बघा. उरलेला थोडा सीलर छोट्या बाटलीत भरून, वर शेड नंबर आणि तारीख लिहून घरात ठेवायला द्या. नळ दुरुस्तीला प्लंबरनं एखादी टाइल काढली तर त्याच रंगाची रेघ पुन्हा भरता येते.